पाळण्यातले पाय : मुलांच्या सुरुवातीच्या वर्तनसमस्या आणि उपाययोजनेचे फलित

'बाळाचे पाय पाळण्यात दिसतात' असे आपण मराठीत म्हणतो. आपल्या अंकाच्या कन्नड विभागातील मित्रांना विचारले तर ते 'गिडवागि बग्गद्दु मरवागि बग्गीते' ही म्हण सांगतील. रोपटे असताना जे वाकले नाही ते झाड झाल्यावर वाकेल काय, असा तिचा अर्थ. वरवर पाहता दोन्ही म्हणी एकच गोष्ट सांगतात असे वाटते. परंतु पहिली केवळ भाकीत करते, तर दुसरी वेळेवर वाकवण्याची जबाबदारी वाकवणाऱ्यावर टाकते. शाळेत, घरात आणि आमच्यासारख्या अध्यापक महाविद्यालयांतही पहिल्या म्हणीचा वापर फार होतो. दुसरीची आठवण क्वचितच राहते. प्रस्तुत लेख लिहावासा वाटला तो एवढ्यासाठीच.

प्रश्न साधा आहे. ज्या मुलाची वर्तनसमस्या सुरुवातीलाच तीव्र आहे, जे मारामारी करते, उलट बोलते, वर्ग उधळून लावते, त्याच्यावर योजलेल्या उपायांचा परिणाम इतरांपेक्षा कमी होतो की अधिक? या उत्तरावर बरेच काही अवलंबून आहे. शिक्षकापाशी वेळ थोडा असतो, वर्गात साठ मुले असतात, आणि कोणाला हात द्यायचा व कोणाला सोडून द्यायचे, हा निर्णय रोज, बहुधा नकळत, घेतला जातो.

असा एक निर्णय मीही घेतला होता. पंधरा-सोळा वर्षांपूर्वीची गोष्ट. सराव पाठांसाठी आमच्या विद्यार्थी-शिक्षकांना घेऊन मी एका शाळेत जात असे. पाचवीच्या एका वर्गात दंगा फार, म्हणून वर्गशिक्षिकाबाईंनी आमची मदत मागितली. त्यांनी नऊ मुलांची नावे काढली होती. त्यांतली सहा बाजूला करून त्या म्हणाल्या, "सर, या सहाजणांसाठी काय करायचे ते करा. हे मागच्या बाकावरचे तिघे मात्र हाताबाहेर गेलेले आहेत. त्यांच्यावर तुमच्या मुलांचा वेळ फुकट घालवू नका." मला ते पटले. आम्ही सहा मुले घेतली. दीड महिना चांगल्या वर्तनाला शाबासकी, छोटी बक्षिसे, घरच्यांशी बोलणे, असा कार्यक्रम केला. तक्रारी पुष्कळ कमी झाल्या. मी उत्साहाने महाविद्यालयाच्या चर्चासत्रात निबंध वाचला.

निबंध संपल्यावर संख्याशास्त्र शिकवणाऱ्या एका ज्येष्ठ सहकाऱ्यांनी दोनच प्रश्न विचारले. "ही सहा मुले तुम्ही कोणत्या आठवड्यात निवडलीत?" आणि "न निवडलेल्या तिघांचे पुढे काय झाले?" पहिल्या प्रश्नाचे उत्तर मला देता आले. स्नेहसंमेलनाच्या तयारीचा तो आठवडा होता आणि सारी शाळाच तेव्हा उधळलेली होती. दुसऱ्याचे उत्तर मजपाशी नव्हते. त्या दोन प्रश्नांनी मला या विषयाच्या अभ्यासाकडे वळवले.

समस्या मोजायची कशी?

'वांड', 'व्रात्य', 'उनाड' हे शब्द बोलण्यात ठीक आहेत, पण त्यांनी तुलना होत नाही. त्यासाठी संशोधक प्रश्नावल्या वापरतात. अमेरिकेतील मानसशास्त्रज्ञ शीला आयबर्ग यांची प्रश्नावली या क्षेत्रात फार वापरली जाते. तिच्यात ३६ वर्तने दिलेली असतात : सांगितलेले ऐकत नाही, आदळआपट करतो, भावंडांशी भांडतो, अशी. प्रत्येक वर्तन किती वेळा घडते याला पालकाने १ ते ७ गुण द्यायचे. म्हणजे कमीत कमी ३६ व जास्तीत जास्त २५२ गुण होतात. १३१ वा त्याहून अधिक गुण आले तर समस्या दखल घेण्याजोगी आहे असे समजतात. इंग्लंडमधील रॉबर्ट गुडमन यांनी १९९७ साली प्रसिद्ध केलेली २५ विधानांची प्रश्नावली याहून छोटी आहे. तिच्यात मुलाच्या अडचणींबरोबर त्याच्या चांगल्या गुणांचीही नोंद होते. उपाययोजनेच्या आधी एकदा व नंतर एकदा असे मोजमाप करून फरक पाहायचा, ही झाली सर्वसाधारण पद्धत.

दोन तर्क

सुरुवातीची तीव्रता आणि नंतरचे फलित यांच्या संबंधाविषयी दोन परस्परविरुद्ध तर्क करता येतात, आणि गंमत अशी की दोन्ही तितकेच सयुक्तिक वाटतात.

पहिला तर्क असा. रोग जुना व मुरलेला असेल तर औषध कमी लागू पडते. तीव्र वर्तनसमस्या असलेल्या मुलाच्या घरी बहुधा ताणतणाव असतात, आईबाप थकलेले असतात, शाळेत त्याचे नाव आधीच वाईट झालेले असते. तेव्हा अशा मुलावर उपायाचा परिणाम कमीच व्हायचा.

दुसरा तर्क याच्या उलट. ज्याला मुळात फारसा त्रास नाही त्याच्यात सुधारणा होणार ती किती? तापमापकात पारा ९९ वर असेल तर औषधाने तो अर्ध्या-पाऊण अंशाने उतरेल. १०४ वर असेल तर उतरायला वाव पुष्कळ. शिवाय घरातील ज्या वागणुकीमुळे समस्या वाढते ती वागणूक अशाच घरांत अधिक प्रमाणात असते. ती बदलली तर फरकही मोठा पडणार.

ही वागणूक म्हणजे कोणती, हे ओरेगॉन राज्यातील जेराल्ड पॅटरसन यांनी घरोघर जाऊन केलेल्या निरीक्षणांतून दाखवले. १९८२ साली त्यांचा यावरील ग्रंथ प्रसिद्ध झाला. त्यांचे म्हणणे थोडक्यात असे. आई मुलाला काम सांगते. मूल किरकिर करते. आई आवाज चढवते. मूल आरडाओरडा करते. शेवटी आई कंटाळून म्हणते, "जाऊ दे, मीच करते." त्याक्षणी मुलाचे ओरडणे थांबते. आता पाहा, यात दोघांनाही बक्षीस मिळाले. ओरडले की काम टळते हे मूल शिकले, आणि माघार घेतली की शांतता मिळते हे आई शिकली. पुढच्या वेळी दोघेही तोच मार्ग धरतात. हे दिवसातून अनेकदा घडले की घर म्हणजे एकमेकांना जेरीस आणण्याची शाळाच बनते. यात कोणीही मुद्दाम वाईट वागत नाही, हे ध्यानात घेण्याजोगे आहे. पॅटरसन यांच्या या विचारावर पुढे पालक-प्रशिक्षणाच्या अनेक योजना उभ्या राहिल्या. सिएटल येथे कॅरोलिन वेबस्टर-स्ट्रॅटन यांनी तयार केलेला कार्यक्रम त्यांपैकी एक. त्यात पालकांचे छोटे गट जमतात, मुलाबरोबर खेळणे, नेमकी स्तुती करणे, नियम थोडे पण पक्के ठेवणे, या गोष्टी चित्रफिती पाहून व प्रत्यक्ष करून शिकतात.

एक फसवी सुधारणा

दोन तर्कांपैकी खरा कोणता हे पाहण्यापूर्वी एक खड्डा ओलांडावा लागतो. मी त्यातच पडलो होतो.

फ्रान्सिस गॉल्टन यांनी १८८६ साली आईबापांची व मुलांची उंची यांचा अभ्यास प्रसिद्ध केला. फार उंच आईबापांची मुले उंच असतात, पण सरासरीने आईबापांइतकी नसतात; फार ठेंगण्यांची मुले ठेंगणी, पण तितकी नसतात. टोकाचे मोजमाप दुसऱ्या वेळी मध्यमानाकडे सरकते. हा नियम वर्तनालाही लागू आहे. आपण मुलाला निवडतो ते त्याच्या वाईटात वाईट आठवड्यात. त्यानंतर काहीही केले नाही तरी सरासरीने पुढचा आठवडा थोडा बराच असायचा.

एक काल्पनिक उदाहरण घेऊ. समजा, आयबर्ग यांच्या प्रश्नावलीवर सर्व मुलांचे मध्यमान १०० आहे, आणि तीन महिन्यांच्या अंतराने घेतलेल्या दोन मोजमापांतील सहसंबंध ०.६ आहे. दोन्ही वेळचे मध्यमान व पसरण तीच राहते असेही धरू. १८० गुण असलेली मुले मध्यमानाहून ८० ने वर आहेत. ८० चे ०.६ पट म्हणजे ४८. तेव्हा काहीही न करता तीन महिन्यांनी त्यांचे सरासरी गुण १४८ येतील. १२० गुणांची मुले त्याच हिशेबाने ११२ वर येतील. आता समजा, उपाययोजना झालेल्या गटात १८० वाली मुले १३६ वर आली व १२० वाली १०९ वर आली. आधी-नंतर एवढेच पाहणारा म्हणेल, पहिल्यांची सुधारणा ४४ गुणांची, दुसऱ्यांची ११ गुणांची. पण खरा हिशेब नियंत्रित गटाशी तुलना करूनच होतो. पहिल्यांचा खरा लाभ १४८ वजा १३६, म्हणजे १२. दुसऱ्यांचा ११२ वजा १०९, म्हणजे ३. उरलेले सारे गॉल्टनच्या नियमाचे देणे.

या उदाहरणातून तीन गोष्टी घ्यायच्या. पहिली, नियंत्रित गटावाचून केलेला दावा पोकळ असतो. माझा निबंध असाच होता. दुसरी, फसवा भाग वजा केल्यावरही तीव्र समस्येच्या मुलांचा लाभ अधिक असू शकतो. आपल्या उदाहरणात तो चौपट आहे. तिसरी, इतका लाभ होऊनही ती मुले १३६ वरच आहेत, १३१ च्या रेषेखाली आलेली नाहीत. सर्वांत अधिक सुधारलेले मूल हेच वर्गातले सर्वांत त्रासदायक मूल राहू शकते! शिक्षकाला सुधारणा दिसत नाही याचे एक मोठे कारण हे आहे. तो मुलाची तुलना शेजारच्या मुलाशी करतो, त्याच मुलाच्या कालच्या वागण्याशी करीत नाही.

प्रत्यक्ष पुरावा

आता नियंत्रित गट ठेवून केलेल्या काही मोठ्या प्रयोगांकडे वळू. हे प्रयोग अमेरिकेतील व युरोपातील आहेत. तिकडच्या घरांची व शाळांची घडण वेगळी आहे, हे मनात ठेवूनच ते वाचावेत.

बाल्टिमोर शहरातील १९ प्राथमिक शाळांत १९८५-८६ साली शेपर्ड केलम व त्यांच्या सहकाऱ्यांनी पहिलीच्या वर्गांत 'सद्वर्तनाचा खेळ' चालवला. हा खेळ मुळात १९६९ साली कॅन्सस राज्यात चौथीच्या एका वर्गावर करून पाहिलेला. पद्धत अगदी साधी. वर्गाचे संघ पाडायचे. नियम फळ्यावर लिहायचे. कोणी नियम मोडला की त्याच्या संघापुढे खूण करायची. ठरलेल्या मर्यादेच्या आत खुणा राहिल्या तर तो संघ जिंकला. सर्व संघही जिंकू शकतात. बाल्टिमोरमध्ये प्रत्येक संघात शांत, बुजरी व दंगेखोर मुले मुद्दाम मिसळलेली होती. ही मुले १९ ते २१ वर्षांची झाल्यावर पुन्हा पाहणी झाली. अमली पदार्थांचे व्यसन आणि समाजविघातक वर्तन यांबाबतीत ठळक लाभ दिसला तो पहिलीत असताना सर्वाधिक आक्रमक असलेल्या मुलग्यांना. शांत मुलींना वा मुलग्यांना फारसा फरक पडला नाही, कारण त्यांना तो धोका मुळातच थोडा होता.

याहून मोठा प्रयोग १९९१ साली सुरू झाला. त्याचे नाव 'फास्ट ट्रॅक'. डरहॅम, नॅशव्हिल, सिएटल व पेनसिल्व्हेनियाचा ग्रामीण भाग अशा चार ठिकाणच्या शाळांत बालवर्गातील साडेनऊ हजारांवर मुलांची शिक्षक व पालक यांच्याकडून पाहणी करून ८९१ मुले निवडली. त्यांपैकी ४४५ मुलांना पहिलीपासून दहावीपर्यंत, म्हणजे दहा वर्षे, पालक-प्रशिक्षण, सामाजिक कौशल्यांचे धडे, वाचनाची शिकवणी व गृहभेटी यांची जोड मिळाली. ४४६ मुले नियंत्रित गटात राहिली. २००७ साली नववीपर्यंतचे निष्कर्ष प्रसिद्ध झाले. गंभीर वर्तनविकृतीचे निदान टळले ते फक्त बालवर्गात ज्यांचा धोका सर्वांत वरचा होता त्या मुलांत. मध्यम धोक्याच्या मुलांत दोन्ही गट सारखेच निघाले. २०११ सालच्या निष्कर्षांतही हेच चित्र कायम राहिले.

एवढ्यावर थांबलो तर 'मध्यम मुलांवरचा खर्च वाया गेला' असे कोणी म्हणेल. पण २०१५ साली तीच मुले २५ वर्षांची झाल्यावरची पाहणी प्रसिद्ध झाली. मानसिक विकार, वर्तनविकार किंवा व्यसन यांपैकी काही ना काही आढळलेल्यांचे प्रमाण नियंत्रित गटात ६९ टक्के, तर उपाययोजना झालेल्या गटात ५९ टक्के होते. आणि हा लाभ अधिक धोक्याच्या व मध्यम धोक्याच्या अशा दोन्ही मुलांत होता. म्हणजे जे पंधराव्या वर्षी दिसले नाही ते पंचविसाव्या वर्षी दिसले. शिक्षणातील पेरणीचे पीक कधी कापायचे हे ठरवण्याची घाई करू नये, एवढे तरी यावरून कळते.

तिसरा पुरावा युरोपातील. ऑक्सफर्डच्या फ्रान्सिस गार्डनर, ॲम्स्टरडॅमच्या पॅटी लेइटन व इतरांनी वेबस्टर-स्ट्रॅटन यांच्या कार्यक्रमाच्या युरोपात झालेल्या चाचण्यांतील मूळ आकडेवारी एकत्र केली. त्यांत १३ चाचण्या व सुमारे १७०० कुटुंबे होती. २०१९ साली प्रसिद्ध झालेल्या निष्कर्षांप्रमाणे सुरुवातीला ज्यांच्या समस्या अधिक तीव्र होत्या त्या मुलांना लाभ अधिक झाला. आई खिन्नतेच्या विकाराने ग्रस्त असलेल्या घरांतील मुलांनाही अधिकच झाला. गरीब घरांतील मुलांना गरिबीमुळे कमी लाभ झाला, असे आढळले नाही. आपला पहिला तर्क, 'मुरलेल्या रोगाला औषध लागत नाही' हा, येथे मोठ्या प्रमाणावर खोटा ठरतो. मात्र लेइटन व सहकाऱ्यांच्याच २०१३ सालच्या विश्लेषणात एक निराळी गोष्ट आढळली होती. सुरुवातीची समस्या तीव्र असेल तर कार्यक्रम संपताच गरीब व सुस्थित घरांतील लाभ सारखाच असतो. पण पुढे काही काळाने गरीब घरांतील लाभ टिकायला कठीण जातो. याचा अर्थ, शिकणे त्यांना अवघड नसते. शिकलेले टिकवायला लागणारी उसंत त्यांच्यापाशी नसते.

तीन सावधगिऱ्या

येथपर्यंत वाचून 'सर्वांत द्वाड मुले गोळा करा आणि त्यांचा निराळा वर्ग काढा' असे कोणाच्या मनात येईल. तेव्हा तीन गोष्टी सांगणे अगत्याचे आहे.

पहिली : अशी मुले एकत्र कोंडणे घातक ठरू शकते. अढीतला एक नासका आंबा शेजारच्यांना नासवतो, हे आपण जाणतो. मग सारे डागाळलेले आंबे एकाच अढीत का घालावेत? मॅसॅच्युसेट्स राज्यातील केंब्रिज व समरव्हिल या गावांत १९३९ साली ५०६ मुलग्यांवर एक प्रयोग सुरू झाला. त्यांतील निम्म्यांना समुपदेशक, शिकवणी, वैद्यकीय मदत, उन्हाळी शिबिरे असे सर्व काही १९४५ पर्यंत मिळाले. हेतू अत्यंत चांगला. जोन मॅकॉर्ड यांनी सुमारे तीस वर्षांनी त्या सर्वांचा माग काढला आणि १९७८ साली निष्कर्ष मांडले. मदत मिळालेल्यांची स्थिती न मिळालेल्यांपेक्षा काही बाबतींत वाईट होती. नंतरच्या विश्लेषणात हे नुकसान मुख्यत्वे एकाहून अधिक वेळा उन्हाळी शिबिरास पाठवलेल्या मुलांत दिसले. पुढे टॉमस डिशन यांनी ओरेगॉनमध्ये दाखवले की धोक्यातील किशोरांना एकत्र बसवून उपदेश केला तर त्यांचे धूम्रपान वाढते. कारण कोणी खोडीची हकिगत सांगितली की बाकीचे हसतात, आणि ते हसणे शिक्षकाच्या शाबासकीहून गोड लागते. बाल्टिमोरच्या खेळात मुले मिसळलेली होती, हा तपशील म्हणूनच महत्त्वाचा.

दुसरी : तीव्रता हे एकच परिमाण नव्हे, समस्येची जातही पाहावी लागते. सिडनीतील डेव्हिड हॉज व मार्क डॅड्स यांनी २००५ साली चार ते आठ वर्षांच्या मुलग्यांवरील अभ्यास प्रसिद्ध केला. काही मुले चटकन तापतात, मारतात आणि मागाहून रडतात. काही थोडी मुले मात्र दुसऱ्याच्या दुःखाने हलत नाहीत, चूक केल्याची टोचणी त्यांना लागत नाही. या दुसऱ्या प्रकारच्या मुलांवर बक्षीस व स्तुती यांचा परिणाम इतरांसारखाच झाला. पण थोडा वेळ बाजूला बसवण्याच्या शिक्षेचा परिणाम कमी झाला. आपल्या शाळांतून अशाच मुलांना शिक्षा सर्वाधिक मिळते आणि शाबासकी मुळीच मिळत नाही. म्हणजे जे औषध लागू पडत नाही तेच आपण वाढवत नेतो.

तिसरी : काय मोजतो त्यावर उत्तर ठरते. याचे उदाहरण आपल्या देशातले आहे. गोव्यात १९९६ साली स्थापन झालेल्या 'संगाथ' या संस्थेने दिल्लीतील सहा सरकारी शाळांत २५१ किशोरांवर एक चाचणी केली. तिचे निष्कर्ष २०२० साली प्रसिद्ध झाले. गुडमन यांच्या प्रश्नावलीवर अधिक गुण आलेली मुले निवडली होती. एका गटाला मानसोपचाराची पदवी नसलेल्या पण प्रशिक्षित समुपदेशकांनी थोड्या भेटींत अडचणी सोडवण्याची रीत शिकवली व पुस्तिका दिल्या. दुसऱ्या गटाला केवळ पुस्तिका दिल्या. सहा आठवड्यांनी प्रश्नावलीवर दोन गटांत खात्रीलायक फरक पडला नाही. पण 'तुला सर्वाधिक छळणाऱ्या अडचणी कोणत्या?' असे विचारून त्या अडचणींचे मोजमाप केले तेथे समुपदेशन मिळालेला गट स्पष्टपणे पुढे होता. मोठ्यांच्या यादीतील त्रास आणि मुलाचा स्वतःचा त्रास या दोन निराळ्या गोष्टी असू शकतात.

आपण काय करावे?

आमच्या विद्यार्थी-शिक्षकांना मी आता चार गोष्टी सांगतो. एक, मुलाविषयी मत देण्यापूर्वी निदान दोन-तीन आठवडे नोंद करा. एका आठवड्यावरून निवड करू नका. दोन, जमेल तेथे तुलनेसाठी दुसरा वर्ग ठेवा. तोच कार्यक्रम त्यांना पुढच्या सत्रात द्या, म्हणजे कोणी वंचित राहत नाही. तीन, त्रासदायक मुलाला त्याच्यासारख्यांत न बसवता इतरांत मिसळा, आणि त्याची तुलना त्याच्याच मागच्या महिन्याशी करा. चार, यादी करताना सर्वांत वरचे नाव खोडू नका. ज्याला वाव अधिक, त्याच्यावरचा वेळ फुकट जाण्याची शक्यता कमी.

या चौथ्या गोष्टीपाशी माझा आवाज थोडा बदलतो, असे विद्यार्थी सांगतात. त्याचे कारण त्यांना मी आजवर सांगितले नव्हते. सहकाऱ्यांच्या त्या दुसऱ्या प्रश्नानंतर मी पुन्हा त्या शाळेत गेलो. मागच्या बाकावरच्या तिघांपैकी दोघे वर्गात होते. तिसऱ्याची जागा रिकामी होती. दिवाळीनंतर तो शाळेत आलाच नाही, असे बाईंनी सांगितले. मी हजेरीपट पाहिला. आमचा कार्यक्रम चालू होता त्या दीड महिन्यात तो जवळजवळ रोज हजर होता. आम्ही सहा मुलांना घेऊन व्हरांड्यात जात असू तेव्हा तो मागच्या बाकावरून पाहत असे, हेही मला आठवले.

माझ्यामुळे त्याची शाळा सुटली असे म्हणणे शास्त्रीय होणार नाही. त्याच्या घरची परिस्थिती मला ठाऊक नाही. आम्ही त्याला घेतले असते तर तो टिकला असता, असेही म्हणता येत नाही. एका मुलाला नियंत्रित गट नसतो. पण त्याच्याविषयी जे भाकीत केले गेले ते खरे की खोटे हे तपासण्याची संधी आम्ही त्यालाही दिली नाही आणि स्वतःलाही घेतली नाही, एवढे मात्र नक्की. पाळण्यातले पाय पाहून मूल कुठवर चालेल हे सांगणारे पुष्कळ भेटतात. शिक्षकाचे काम पाय पाहण्याचे नव्हे, बोट धरून चालवण्याचे आहे; आणि जो अधिक अडखळतो त्याचे बोट आधी धरायचे असते.